पापक्षमेचं यंत्र

२०२४ साली स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न शहरात, सेंट पीटरच्या छोट्या चॅपेलमध्ये, कन्फेशनच्या लाकडी कोठडीत एक पडदा बसवला गेला. पडद्यावर येशूचा चेहरा, मागे एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धी. आपण बोलायचं, तो उत्तर देणार, तेही शंभरेक भाषांत. दोनेक महिने हे चाललं आणि नऊशेच्या आसपास संभाषणं झाली. चॅपेलवाल्यांनी बजावून सांगितलं होतं की ही पापकबुली नव्हे, हा प्रयोग आहे, खासगी माहिती सांगू नका. बातमी आमच्याकडे पोचेपर्यंत त्यातलं ‘नव्हे’ वाटेतच गळून पडलं. मला ती मिळाली ती अशी : “चर्चमध्ये देवाच्या जागी कॉम्प्युटर बसला. आता पाद्र्यांचं काय?” खाली हसणारे चार चेहरे.

पाठवणारा मला ओळखत नव्हता, मी त्याला ओळखत नव्हतो. तरी रात्री साडेबारापर्यंत आमची जुंपली.

मी जन्माने ख्रिस्ती, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरवाला आणि राहणारा नागपूरचा, सदरच्या बाजूचा. त्यामुळे असल्या बातम्या माझ्या अंगावर दोन्हीकडून येतात. ऑफिसातल्यांना वाटतं, हा चर्चला जातो, याला विचारू. चर्चमधल्यांना वाटतं, हा कॉम्प्युटरवाला, याला ठाऊक असेल. आणि ज्यांनी मला कधी पाहिलेलंही नाही, ते फोनवरून विचारण्याच्या भानगडीत पडत नाहीत, थेट भांडायलाच येतात. मला हे भांडण आवडतं. (घरी हे वाक्य उच्चारायची सोय नाही.) मे महिन्यात आमच्या गावात माणसाचं डोकं रात्री अकरानंतरच चालायला लागतं. भिंती तापलेल्या असतात, कूलर घरघरत असतो, झोप येणार नसतेच. मग देव आहे की नाही या प्रश्नाला तेवढाच वेळ मिळतो.

परक्यांशी भांडणं सोपं असतं. दमछाक होते ती आपल्याच लोकांशी भांडताना. एक बाई आहेत, कुठल्याशा जिल्ह्याच्या गावच्या, विश्वासात पक्क्या, मला ‘ब्रदर’ म्हणतात. जानेवारी २०२४मध्ये एका माणसाच्या मेंदूत कंपनीने चिप बसवल्याची बातमी आली, त्याच संध्याकाळी त्यांचा निरोप : “ब्रदर, प्रकटीकरण १३ उघडा.” मला उघडायची गरज नव्हती. रविवारच्या शाळेत बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या त्या अध्यायाने आम्हा पोरांची झोप उडवलेली. पशूची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर घेतल्याशिवाय कोणाला काही विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, आणि त्या पशूची संख्या ६६६.

ही खूण माझ्या आयुष्यात बऱ्याच वेळा सापडलेली आहे. आधी ती बारकोडमध्ये होती. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा बारकोडने विकलं गेलं आणि पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की पट्ट्यांच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ज्या जोडरेषा असतात त्या ‘सहा’च्या चिन्हासारख्या दिसतात. म्हणजे सहा, सहा, सहा. वास्तविक त्या रेषा आकडा सांगतच नाहीत. कोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला एवढंच त्या यंत्राला दाखवतात. ज्याने हा कोड आखला त्या जॉर्ज लॉररला आयुष्यभर या आरोपाचं उत्तर द्यावं लागलं. मग आधार आलं. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, आणि तिकडे मिझोरममध्ये काही ख्रिस्ती मंडळींनी ते घ्यायला नकार दिला, कारण तेच. मग लस. आता चिप.

बाईंना मी लिहिलं की ताई, हा आकडा ज्यांच्यासाठी लिहिला त्यांना तो वाचता येत होता. हिब्रू अक्षरांना संख्यांची किंमत असते, ‘नेरोन कैसर’ असं त्या अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते. नावातलं शेवटचं ‘न’ हे अक्षर गाळलं तर ६१६, आणि इजिप्तमध्ये सापडलेल्या एका फार जुन्या पपायरसवर खरोखरच ६१६ लिहिलेलं आहे. म्हणजे ज्याच्या राज्यात आपली माणसं मारली गेली त्या रोमच्या बादशहाचं, नीरोचं, नाव उघड लिहायची सोय नव्हती, म्हणून आकड्यात लिहिलं. बाईंचं उत्तर आलं : “ब्रदर, तुम्ही फार शिकलात.” ही शाबासकी नव्हती.

पण त्यांच्या भीतीला मी हसत नाही, हसू शकत नाही. कारण त्या वचनाचा रोख हत्याराकडे नाहीच, बाजाराकडे आहे. विकणं आणि विकत घेणं कोणाच्या मर्जीवर चालतं? आज धरमपेठेत पोह्याच्या गाडीवरसुद्धा क्यूआर कोड डकवलेला असतो, आणि सर्व्हर बसला की खिशात पैसे असून माणूस उभाच राहतो. हा प्रश्न पहिल्या शतकातल्या माणसाला सुचला होता, याचं मला नवल वाटतं. बाई कपाळावर खूण शोधत बसतात आणि तो प्रश्न हातचा सुटतो, एवढीच माझी तक्रार.

दुसऱ्या टोकाला विज्ञानवाले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं : तुमच्या हिशेबाने पृथ्वी सहा हजार वर्षांची, आणि तुम्ही आम्हाला एआय शिकवणार? हा टोला बसायचा असेल तर निदान नागपूरच्या माणसाने तरी मारू नये. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली इथे आला, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. ज्याच्या नावाने आमचं हिस्लॉप कॉलेज आहे तोच हा. दिवसा शाळा, खेडोपाडी शुभवर्तमान, आणि दोन्हीच्या मध्ये हातात हातोडी. आपला सहकारी रॉबर्ट हंटरसोबत त्याने या भागाच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेने छापला. आज ज्या टाकळीत बंगले आणि फ्लॅट आहेत तिथल्या खडकात, लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात, त्याला गोड्या पाण्यातल्या शंखांचे, फळांचे, बियांचे अश्म सापडत गेले. लाव्हाचा एक लोंढा आला, थंड झाला, वर तळं साचलं, तळ्यात गोगलगायी वाढल्या, झाडं आली, मग दुसरा लोंढा आला. हे सहा दिवसांत होत नाही हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याच्या फ्री चर्चचे पुढारी थॉमस चाल्मर्स यांनी तर त्याच्या कितीतरी आधी सांगून टाकलं होतं की पृथ्वीचं वय भूगर्भशास्त्राने ठरवावं, बायबलमधल्या, सहा दिवसांत सृष्टी झाल्याचं सांगणाऱ्या उत्पत्तीच्या पुस्तकाचं त्यात काही बिघडत नाही. पुढे एका हिरवट खनिजाला हिस्लोपाइट नाव पडलं. गोंडांची गाणी, त्यांच्या कथा यांची टिपणं त्याने केली ती वेगळीच. ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून बोरीकडे परतताना, पूर आलेल्या नाल्यात तो वाहून गेला. वय पंचेचाळीस.

हे सगळं मी एका गृहस्थांना लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर : “तो बाटवायलाच आला होता ना?” हो. आलाच होता. तो दगडही फोडत होता आणि धर्मांतरही करू पाहत होता, दोन्ही एकाच माणसात होतं, आणि मला त्यातलं एक काढून दुसरं ठेवता येत नाही. गृहस्थांना काढता येत होतं. ते त्यांनी काढलं आणि झोपायला गेले.

तसं पाहिलं तर मराठीत हा वाद जुनाच आहे. १८५७ साली जानेवारीपासून मेपर्यंत विष्णुबावा ब्रह्मचारी हिंदू धर्माच्या बाजूने मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते, गर्दी जमत होती. पुढे दोन्ही बाजूंनी आपापला वृत्तांत छापून काढला. छापखान्याचीही तीच कथा. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातलं काम पाहून गणपत कृष्णाजी छपाई शिकले आणि १८३१ साली त्यांनी शिळाप्रेसवर काय छापलं? पंचांग. मिशनऱ्यांनी शुभवर्तमानासाठी आणलेलं यंत्र एकादशी कधी ते सांगू लागलं. यंत्र कोणाच्याच बाजूने राहत नाही, म्हणून “मशीन आलं, आता तुमचा धर्म बुडाला” असं कोणी म्हटलं की मला पंचांग आठवतं.

आता त्या ल्युसर्नच्या पडद्याकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

आम्ही प्रोटेस्टंट. आमच्याकडे कन्फेशनची कोठडी नाही. उपासनेत सगळी मंडळी उभी राहून एका सुरात पापांगीकार म्हणते आणि पाळकसाहेब क्षमेचं वचन वाचतात. शब्द ठरलेले. मग ते यंत्राने वाचले तर काय बिघडलं, असं मला विचारलं गेलं, आणि प्रश्न वरवरचा नाही. २०२३च्या जूनमध्ये जर्मनीतल्या फ्युर्टमध्ये तीनशेहून अधिक लोकांसमोर चाळीस मिनिटांची अख्खी उपासना चॅटजीपीटीने रचली आणि पडद्यावरच्या चेहऱ्यांनी चालवली. एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेतल्या एका कॅथलिक संस्थेने ‘फादर जस्टिन’ नावाचा एआय पाद्री काढला. त्याने लोकांना पापक्षमा द्यायला सुरुवात केली आणि अडीअडचणीला बाळाचा बाप्तिस्मा गेटोरेड नावाच्या सरबताने केला तरी चालेल असंही कोणाला सांगितलं. काही दिवसांतच त्याचा झगा काढून घेण्यात आला. फादर गेले, नुसता जस्टिन राहिला. जगातला सगळ्यांत कमी काळ पाळकी केलेला इसम तोच असावा.

हसून झाल्यावर उरतं ते असं. त्याचं सरबताचं उत्तर चूक होतं, ते दुरुस्त करता येईल. पुढच्या आवृत्तीत तो अचूक धर्मशास्त्र सांगेल, आमच्या पाळकसाहेबांपेक्षा निश्चित चांगलं. तरी त्याने दिलेली क्षमा मी घेणार नाही. कारण क्षमा करणाऱ्याला काहीतरी सोसावं लागतं. माझ्या बाबांचे पैसे त्यांच्या सख्ख्या भावाने बुडवले होते आणि बाबांनी ते सोडून दिले. म्हणजे काय केलं? तो तोटा स्वतःच्या अंगावर घेतला, आमच्या फीच्या वेळी आईशी वाद झाला तोही अंगावर घेतला, आणि नाताळला काकांच्या घरी जेवायला गेले. माझ्या धर्माच्या मधोमध वधस्तंभ आहे तो याच हिशेबासाठी. देव वरून ‘जा, माफ केलं’ असं म्हणत नाही, तो भरपाई स्वतः भरतो, असा आमचा दावा आहे. कोणी तो खोटा म्हणावा, पण दावा एवढा मोठा आहे. यंत्र मला क्षमा करतं तेव्हा त्याचं काहीच जात नाही. त्याला माझा राग आलेला नसतो, मग तो गिळायचा कुठून? माझं गुपित पोटात ठेवण्यासाठी त्याला कुठल्या कोर्टाला नकार द्यायचा नसतो.

२८ जानेवारी २०२५ला व्हॅटिकनने एआयवर ११७ परिच्छेदांचं निवेदन काढलं. त्यात एक गोष्ट सरळ सांगितलेली आहे : एआय ही मानवी बुद्धीची कृत्रिम जात मानू नये, ती मानवी बुद्धीची निर्मिती आहे. आणि पुढे, माणूस आपल्याच हाताच्या कामाला देव करून बसेल तेव्हा खरी पूजा यंत्राची नसेल, माणसाची स्वतःचीच असेल. मी कॅथलिक नाही, पण हे वाचून मला पाळकसाहेबांना फोन करावासा वाटला. केलाही. ते म्हणाले, “बरोबर आहे रे, पण वार्षिक अहवालाचं इंग्रजी ते करून देतं का?” देतं म्हटलं. करून दिलं.

किंमत मोजण्याचं हे म्हणणं मी पुढे केलं की मला हमखास सुनावलं जातं : तुम्ही कसली किंमत मोजलीत, तुम्ही तर पोटासाठी बाटलेले. नागपूरच्या माणसाला यावर कवी नारायण वामन टिळक आठवतात. ते इथे नोकरीला होते. इथून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा झाल्या. त्याने नवा करार हातात ठेवला, हे वाचा म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला, आणि आपल्या स्टेशनला उतरून गेला. टिळकांनी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा. त्यापायी संसार मोडला. लक्ष्मीबाई पाचेक वर्षं वेगळ्या राहिल्या, १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. पोटासाठी करायचं असतं तर याहून सोपे धंदे होते.

त्या अनोळखी गोऱ्याचं मला फार कौतुक वाटतं. त्याला आपण जिंकलो हे कधी कळलंच नाही. माझ्यासारखा असता तर रोज रात्री विचारत बसला असता, वाचलं का, कुठवर आलात.

ही टिळकांची गोष्ट मी एका मुलाला सांगितली. उत्तर नागपूरचा, इंजिनिअरिंगचा, बौद्ध. कधी भेटलेलो नाही. तो जय भीम म्हणतो, मी सलाम म्हणतो, मग भांडण सुरू होतं. टिळकांवर तो म्हणाला, “दादा, एका माणसाचं काय सांगता? आमची आजी १४ ऑक्टोबर १९५६ला कडेवर पोर घेऊन दीक्षाभूमीवर होती.” त्याला किमतीचा हिशेब माझ्यापेक्षा चांगला येतो. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती गेल्या त्या बौद्धांना १९९० साली परत मिळाल्या. दलित ख्रिस्त्यांना अजूनही नाहीत. यावर आमचं एकमत आहे. एवढ्या एकाच गोष्टीवर.

त्याचं आणि माझं मुख्य भांडण आत्म्यावरून. यंत्राला आत्मा नाही असं मी कुठेतरी म्हणून गेलो होतो. तो म्हणाला, “दादा, तुमी आत्मा आत्मा करून राहिले. आमच्याकडे माणसालाच आत्मा नाही. मग मशीनला नाही याचं मला काय नवल?” मी दोन दिवस उत्तर शोधत होतो. माझ्या बाजूची सगळी पुस्तकं माणसाला आत्मा आहे इथूनच सुरू होतात. ज्याने तो पायाच नाकारला आहे त्याच्यासमोर यंत्र आणि माणूस यांत फरक कसा दाखवायचा? तेव्हा मी हे सोसण्याचं म्हणणं मांडलं. आत्मा राहू दे बाजूला, दुःख तर मानतोस ना? तुझ्या धम्माची सुरुवातच तिथून आहे. यंत्राला दुःख नाही, म्हणून त्याला क्षमा करता येत नाही आणि करुणाही करता येत नाही. ते फक्त गोड बोलतं.

हे त्याला पटलं असं वाटलं. मग त्याने एक बातमी पाठवली, जानेवारी २०२३ची, टाइम मासिकाची. चॅटजीपीटीने घाण बोलू नये म्हणून त्याला घाण कशी असते ते शिकवावं लागलं. त्यासाठी केनियातल्या माणसांना तासाला दोन डॉलरहूनही कमी पैशात बसवलं. पोरांवरचे अत्याचार, खून, छळ यांची वर्णनं दिवसभर वाचायची आणि प्रत्येकावर खुणेची चिठ्ठी लावायची. ती वाचून माणसं आतून मोडली. खाली त्याने लिहिलं : “तुमी म्हणता मशीन काही सोसत नाही. हाव, मशीन नाही सोसत. ते गोड बोलते ते कोणाच्या जिवावर?”

माझा सगळा युक्तिवाद त्याने एका ओळीत उलटा करून माझ्याच हातात दिला होता. कोणीतरी सोसल्याशिवाय हे यंत्रही गोड बोलत नाही, आणि ज्याने सोसलं त्याचं नाव कुठल्याच पडद्यावर येत नाही. मे २०२५मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपने लिओ हे नाव का घेतलं ते सांगताना तेराव्या लिओची आठवण काढली होती. त्या लिओने १८९१ साली कारखान्यांतल्या मजुरांच्या बाजूने पत्रक काढलं होतं, आणि आता एआयमुळे तसाच प्रश्न उभा आहे, असं नव्या लिओचं म्हणणं. मी ते त्या मुलाला कळवलं. तो म्हणाला, चांगलं आहे, पण हे कामाच्या मजुरीचं झालं, मी मजुरीचं विचारून नाही राहिलो. दुसऱ्याची घाण स्वतःच्या डोक्यात घेऊन त्याला स्वच्छ करायचं, याला तुमच्या पुस्तकात काही म्हणतात का?

म्हणतात. लेवीय, अध्याय १६. दोन बोकड आणायचे. एकाचा बळी द्यायचा, दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या लोकांची पापं त्याच्यावर लादायची आणि त्याला रानात हाकलून द्यायचं. मी अध्याय पाठवला. त्याने पूर्ण वाचला, हे मला आवडलं. आमच्याकडेही कोणी तो पूर्ण वाचत नाही.

“त्या बोकडाला कोणी विचारलं होतं का?”

नाही, मी लिहिलं. म्हणूनच पुढे इब्री लोकांस पत्रात म्हटलंय की बैलांच्या आणि बोकडांच्या रक्ताने पापं जाणं शक्य नाही. ज्याने स्वतःहून दिलं त्याच्याच देण्याने ती जातात, असं आम्ही मानतो.

“मग केनियावाल्यांनी स्वतःहून दिलं का?”

रात्रीचा एक वाजून गेला होता. मी लिहिलं की यावर सावकाश बोलू. तो म्हणाला, चालेल, पण टाळू नका, मी विचारणार आहे.